एक वलय जास्त

१

चहावर साय धरली, ती सुकलीसुद्धा, तरी खारूचे डोळे मोबाइलवरून हलले नाहीत. पडद्यावर कुणा परक्या बाईचं दुकान उघडलेलं होतं आणि त्या दुकानात खारूचा डोह विकायला ठेवला होता.

डोह म्हणजे पाण्याचा नव्हे. डोह हे एका स्टोलचं नाव. आणि खारू हे तरी खरं नाव कुठं आहे? लहानपणी बिया, साली, काटक्या, जे दिसेल ते खिशात कोंबून घरी आणायची म्हणून घरच्यांनी तिची खारूताई केली. पुढे ताई गळून पडली, खारू तेवढी चिकटली. धंदाही तिने त्याच वळणाचा निवडला. लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावरून गॅसची ज्योत फिरवायची, जळलेला मऊ भाग तारेच्या ब्रशने खरवडून काढायचा. लाकडातल्या कठीण रेषा तेवढ्या उभ्या राहतात. त्यांवर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबत न्यायचं आणि कागद हलकेच उचलायचा. झाडाने जन्मभर पोटात ठेवलेलं चित्र कागदावर आलेलं असतं. मग ते संगणकावर घ्यायचं, कापडावर छापून आणायचं आणि आपल्या ऑनलाइन दुकानात मांडायचं. इतकी वर्षं झाली, पण कागद उचलताना खारूचा श्वास अजून अडकतो.

डोह त्यातला सगळ्यात देखणा. एका टोकाला लाकडाची गाठ, तिला वळसा घालून निघालेल्या रेषा, आणि मधोमध एकात एक शिरलेली लांबट वलयं, पाण्यात खडा पडल्यावर उठावीत तशी. कापडावर नमुना छापून झाला होता, फोटो झाले होते. दुकानात मात्र तिने एक कोपरा दाखवून ‘लवकरच’ एवढंच लिहिलं होतं. आणि इथे सबंध डोह, ‘ज्योत’ असं नाव लावून, भलत्याच दुकानात. आरशात बघावा तसा उलटा. तिच्या गाठीची जागा डावीकडे, इथे ती उजवीकडे.

उलटा दिसला आणि खारूची खात्रीच पटली. या धंद्यात काल आलेल्यालाही ठाऊक असतं की चोर चित्र उलटं करतात, म्हणजे चित्र शोधणाऱ्या यंत्रांना ते चटकन सापडत नाही. चोरी झाली यात शंका नव्हती. घरातून ती बाहेर गेली कशी, एवढंच शोधायचं होतं.

खारू सोडून सबंध डोह तिघांनी पाहिला होता. कापडाचा छपाईवाला, फोटोवाला आणि वहिनी. वहिनी म्हणजे दादाची बायको, दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनची जोडीदार. खोकी बांधणं, पत्ते चिकटवणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाला गोड बोलून गार करणं, सगळं तिच्याकडे. वहिनीशिवाय माझं पान हलत नाही, असं खारू चार लोकांत सांगायची. दुकानावर नाव मात्र एकटीचं होतं, हेही खरं.

खारूने तिला सरळ विचारलं, डोहाचा फोटो काढला होतास का? वहिनी नाही म्हणाली. पण बोलताना तिने मोबाइल पदराआड घ्यावा तसा पाठीमागे नेला, आणि खारूने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. फोटो होता. शाईच्या कागदाचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, स्वच्छ उजेडात काढलेला.

वहिनीचा चेहरा पडला. खारूची जीभ सुटली ती सुटलीच.

“खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, वहिनी.”

वहिनीने जुडग्यातून कामाच्या खोलीची किल्ली काढली, टेबलावरच्या चिकटपट्टीच्या रिळावर ठेवली आणि ती जिना उतरून गेली.

२

दादाची पंचाईत झाली. इकडे आड तिकडे विहीर. बायको बोलेना, बहीण ऐकेना. शेवटी त्याने मावशीला फोन लावला. घरात काही बिनसलं की फोन तिलाच जायचा.

मावशी निवृत्त डॉक्टर. पण नाडी बघणारी, औषध देणारी डॉक्टर नव्हे. इस्पितळातल्या एका काळोख्या खोलीत बसून लोकांचे एक्स-रे आणि स्कॅन वाचण्यात तिचा जन्म गेला. पावाच्या लादीचे काप करावेत तसे यंत्र माणसाच्या शरीराचे काप दाखवतं, नि ते बघून आत काय बिघडलंय ते मावशी सांगायची. तिचा एक नियम होता, घरातली पोरंसोरं तो पाठ म्हणायची: आधी काय दिसतंय ते सांग, काय वाटतंय ते मागून.

ती आली तेव्हा खारू संगणकापुढे बसली होती. दुकानाच्या पानावर टाकायचा मजकूर लिहून तयार होता. माझ्याच घरातल्या माणसाने माझं काम बाहेर विकलं, असं त्यात होतं. वहिनीचं नाव नव्हतं, पण खारूच्या दुकानात हात कुणाचा आहे हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. एक बटण दाबायचा अवकाश, की ते सगळीकडे झालं असतं.

“हे टाकलंस तर तुमचं तुटलं ते तुटलं,” मावशी म्हणाली. “मग खरा चोर सापडला तरी ते सांधता येणार नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे.”

खारू मनातून धुमसत होती, पण मावशीपुढे तिची मात्रा चालत नसे. तिने मजकूर तसाच ठेवला.

मावशीने मग पहिली गोष्ट काय केली, तर भिंतीला टेकवलेल्या फळीसमोर खुर्ची ओढली आणि बसली. किती वेळ कुणास ठाऊक. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला. देवळात गेल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, तशी ती बोलायला लागली. हे एकेक वलय म्हणजे एकेक वर्ष ना, असं तिने विचारलं. खारू हो म्हणाली. मऊ भाग भरभर वाढीच्या दिवसांतला, कठीण रेष सावकाश वाढीची. मावशीने एका वलयावर बोट ठेवलं आणि म्हणाली, बघ, त्या वर्षी इथे काय झालं असेल ते कुणालाही आठवत नाही, पण हा पठ्ठ्या लिहून बसलाय.

मग तिची चौकशी सुरू झाली. गाठीखाली हे बारीक भोक कसलं? लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं, खारूने सांगितलं. आत कुठवर जातं? खारूला माहीत नव्हतं. मावशीने कोपऱ्यातल्या झाडूची काडी मोडून आणली नि भोकात सरकवली. काडी आत गेली आणि फळीच्या मागच्या अंगाने बाहेर आली, पण सरळ समोर नाही. चांगली बाजूला सरकून, तिरकी.

“आणि हे लाल काय आहे?” मावशीने फळीच्या टोकाकडे, जिथे करवतीने ओंडका आडवा कापलेला असतो तिकडे, वाकून पाहिलं. लाल रंगाचा एक आखूड, किंचित वाकडा पट्टा तिथे होता.

रंग सांडला असेल वखारीत, असं खारू म्हणाली. फळी तिने लाकडाच्या वखारीतून आणली होती, तिथे काय, सगळाच पसारा.

मावशीने पट्ट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. दोन्ही काठांशी रंग सुरीने कापावा तसा थांबत होता. उठताना ती एवढंच म्हणाली, “चोर कोण ते मला अजून माहीत नाही. पण खरं सांगू? चोरीला काय गेलंय, तेच मला नीट कळत नाहीये.”

३

छपाईवाला माणूस तोंडाने फटकळ, कामात चोख. मावशीने विषय काढला मात्र, आणि त्याचा पारा चढला. माझ्या संगणकात गावभरची चित्रं असतात, विकायचीच असती तर ही एकच कशाला विकली असती, असं त्याने ऐकवलं. शिवाय डोहावरून आधीच त्याने खारूची बोलणी खाल्ली होती, तो राग वेगळा.

बोलणी कसली, मावशीने विचारलं.

तर झालं होतं असं. खारूने पाठवलेल्या चित्रात गाठीखाली एक काळा ठिपका होता. छपाईवाल्याला वाटलं, स्कॅन करताना काच खराब असेल. त्याने उपकार म्हणून ठिपका पुसला, पुसलेलंच चित्र जपून ठेवलं, मूळ टाकून दिलं आणि नमुना छापून दिला. खारूने नमुना पाहिला आणि ती त्याच्यावर अशी बरसली की विचारू नका. किड्याचं भोक गेलं होतं. झाडाच्या अंगावरचा व्रण पुसायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं ती म्हणाली होती. आता ती नवीन चित्र पाठवणार होती, पण अजून पाठवलं नव्हतं.

मावशीने त्याचा संगणक उघडायला लावला. ठिपका नव्हता. तिने छपाईवाल्याचे इतके मनापासून आभार मानले की तो गडबडला आणि चहा घ्या म्हणायला लागला.

फोटोवाल्याकडे तर बसावंही लागलं नाही. तो बोलायला लागला की थांबत नसे, आणि आपल्या फोटोंचं कौतुक त्याच्याकडे कधी संपत नसे, तेव्हा त्याने डोहाचे सगळे फोटो आपण होऊन उघडून दाखवले. फोटो छान होते. पण त्याने फोटो काढले होते ते त्याच नमुन्याच्या कापडाचे, आणि त्यावर ठिपका असणार कुठून?

रस्त्यात थांबून मावशीने बरोबर आलेल्या खारूचा मोबाइल मागितला, परक्या दुकानातली ‘ज्योत’ उघडली आणि दोन बोटांनी मोठी केली. गाठीखाली किड्याचं भोक होतं. चांगलं ठसठशीत.

छपाईवाल्याकडून चित्र गेलं असतं तर त्यात भोक नसतं. फोटोवाल्याकडून गेलं असतं तरी नसतं. भोक होतं फक्त शाईच्या पहिल्या कागदावर. तो कागद खारूच्या कपाटात होता, त्याचं स्कॅन तिच्या संगणकात पासवर्डमागे होतं आणि त्याचा एकच फोटो जगात होता.

“म्हणजे वहिनीच,” खारू म्हणाली. हे शब्द उच्चारताना तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला रडू येत होतं.

४

दादा-वहिनी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. मावशीने खारूला बरोबर नेलं, पण बाहेरच्या खोलीत बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली. आत वहिनी घड्या घालत होती. घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती.

मावशीने फोटोबद्दल विचारलं नाही. तिने विचारलं, फोटो काढल्यावर तू त्याच्याकडे काय बघत होतीस? आतून कपाट उघडल्याचं ऐकू आलं, नि खारूला राहवलं नाही, तिने दारातून डोकावलं.

पलंगावर वहिनीने खोक्यांचे तपकिरी कागद पसरले होते, माल आला की उरतात ते. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं होती. सुतळीच्या गाठी. सुटलेल्या, आवळलेल्या, एकीत एक अडकलेल्या, अख्ख्या कागदभर पसरलेल्या. पहिली चित्रं कच्ची होती. नंतरच्यांमध्ये हात वळत गेलेला दिसत होता. शेवटच्या कागदावर सुतळीच्या रेषा एका गाठीभोवती अशा वळल्या होत्या, की खारूला तिथे हात लावून बघावासा वाटला.

वहिनी हळू आवाजात सांगत होती. रोज खोकी बांधता बांधता सुतळीकडे बघायची तिला सवय लागली. आपणही काही काढावं असं वाटलं. पण रेघ गाठीपाशी आली की तिचा हात अडायचा. डोहाचा कागद पाहिला आणि तिला दिसलं की झाडाची रेघ गाठीला टाळत नाही, ती आधीपासूनच वळायला लागते. ते शिकायचं म्हणून तिने फोटो काढला आणि रोज जरा वेळ बघत बसायची.

“मग खोटं का बोललीस?” मावशीने विचारलं.

“खारूपुढे ही चित्रं काढायची लाज वाटली. ती हसली नसती, मला माहीत आहे. पण छान आहे गं म्हणाली असती, आणि पुढच्या क्षणाला म्हणाली असती, ते खोकं आज जायला हवं.”

खारू दारातून मागे सरली. ती अगदी तसंच म्हणाली असती. शब्द न शब्द तसाच.

पण मनातली अढी काही गेली नाही. चित्रं खरी, लाज खरी, तरी त्या फोटोशिवाय भोक तिकडे पोचलं कसं? ती हे बोलणार, एवढ्यात तिचा मोबाइल वाजला. त्या परक्या दुकानवालीचा निरोप होता. खारूने वाचला आणि मोबाइल मावशीच्या हातात दिला.

त्यात लिहिलं होतं: तुमच्या दुकानात ‘लवकरच’ म्हणून दाखवलेला कोपरा माझ्या ज्योतीचा आहे. माझं डिझाइन उलटं करून आपलं म्हणून विकताय, लाज नाही वाटत? खाली पुरावा म्हणून एका शाईच्या कागदाचा फोटोही होता.

“चोराच्या उलट्या बोंबा,” खारू म्हणाली.

मावशीने फोटो बघितला आणि तिचे डोळे लकाकले. एखादं अवघड स्कॅन समोर आलं की ते लकाकायचे. म्हणाली, “चोर आपल्या पायांनी चावडीवर येत नाही, बाळा. आणि आला तरी शाईचा कागद घेऊन येत नाही. दोघी माझ्या घरी चला. सूनबाई, तूसुद्धा.”

५

वाटेत मावशीने छपाईवाल्याकडून काम करून घेतलं. खारूच्या कागदाचं आणि त्या बाईच्या कागदाचं चित्र पारदर्शक फिल्मवर, एकाच मापात छापून घेतलं. तिच्या घरी एका टेबलावर एक्स-रे बघायची उजेडाची पेटी होती, निवृत्त होताना इस्पितळाने दिलेली. इतर लोक घड्याळं घेतात, मावशीने पेटी मागून घेतली होती.

तिने पडदे ओढले आणि दिवा लावला. एक फिल्म पेटीवर ठेवली, दुसरी पालथी करून तिच्यावर सरकवली. गाठीवर गाठ आली. वलयांवर वलयं बसली. दोन चित्रांचं एक झालं.

“तंतोतंत,” खारू पुटपुटली. आता तरी सुटका नाही, असं तिला वाटलं.

“काय वाटतंय ते मागून,” मावशी म्हणाली. “नीट बघ आणि काय दिसतंय ते सांग.”

खारू वाकली. वहिनीही दुसऱ्या बाजूने वाकली, दोघींची डोकी जवळजवळ टेकली. आधी वहिनीलाच दिसलं. गाठ एका मापाची नव्हती. खारूची मोठी होती, त्या बाईची लहान, आणि भोवतालच्या रेषा ज्या त्या गाठीला धरून वळलेल्या होत्या. मग खारूला दिसलं, किड्याचं भोक एका जागी नव्हतं. बाजूला सरकलेलं होतं, थोडंसंच. झाडूची काडी जशी सरकून निघाली होती, त्याच दिशेला.

“आता मधली वलयं मोज,” मावशी म्हणाली. “अगदी आतली.”

खारूने मोजली. पुन्हा मोजली. तिच्या डोहात सगळ्यात आतलं वलय जिथे मिटत होतं, तिथे त्या बाईच्या ज्योतीत आणखी एक वलय होतं. बारीक, पूर्ण, बदामासारखं.

“तिच्याकडे एक जास्त आहे,” ती म्हणाली.

“आता मला सांग,” मावशी सावकाश म्हणाली, “चोरीच्या मालात मालकाकडे नव्हतं ते कुठून आलं?”

संगणकावर काय, वाटेल ते वाढवता येतं, असं खारू म्हणून बघायला गेली, पण तिचं तिलाच पटेना. एक वलय वाढवता येईल. पण गाठ लहान करायची, तिच्याभोवतीची एकेक रेघ नव्याने वळवायची, भोक नेमकं किड्याच्या वाटेने सरकवायचं? एवढं ज्याला येतं तो चोरी कशाला करील, तो तुला शिकवील, असं मावशी म्हणाली.

मग तिने स्वयंपाकघरातून पाव आणला आणि सुरीने मधोमध कापला. दोन्ही तुकडे कापलेली अंगं वर करून पुस्तकासारखे उघडून ठेवले. एका तुकड्यावर मोठं छिद्र डावीकडे होतं, दुसऱ्यावर तेच उजवीकडे, जरा लहान होऊन.

“जन्मभर मी हेच बघत आले. एकाच माणसाचे शेजारशेजारचे दोन काप. जवळजवळ सारखे, पण कधीच एक नाहीत. ती उलटी नाहीये, खारू. ती समोरची आहे. एकाच ओंडक्यात करवत शिरली, एक अंग तुझ्या फळीला आलं, समोरचं तिच्या फळीला. फांदी झाडाच्या पोटातून बाहेर येताना जाड होत जाते, म्हणून तुझी गाठ मोठी. म्हणजे तुझी फळी बाहेरची, तिची आतली. ते एक जास्तीचं वलय म्हणजे झाडाचं एक वर्ष. त्याचं टोक करवतीच्या भुशात गेलं, बाकीचं तिच्या फळीत राहिलं. तुझ्यापर्यंत ते पोचलंच नाही.”

खारूने तो डोह इतक्या वेळा पाहिला होता, त्याला नाव दिलं होतं, त्याच्या एका ठिपक्यासाठी भांडली होती. आणि त्याला दुसरं अंग असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. कुठल्या तरी दुसऱ्या गावात कुणी दुसरी बाई त्याच झाडाच्या समोरच्या अंगावरून कागद उचलत होती आणि तिचाही श्वास अडकत असणार. हिला पाणी दिसलं, तिला ज्योत दिसली. दोघींना चोर दिसला, कारण उलटं म्हणजे चोरीचं, हे दोघी या धंद्यातच शिकल्या होत्या.

“आणि तो लाल रंग?” वहिनीने विचारलं.

“तो सांडलेला नाही,” मावशी म्हणाली. “वखारीत फोन लाव.”

६

वखार चालवणाऱ्या काकूंना त्यात काही नवल वाटलं नाही. ओंडका कापायच्या आधी त्याच्या टोकाला लाल गोल काढतात, म्हणजे कापल्यावर कुठल्या फळ्या एका घरच्या ते कळतं, असं त्या म्हणाल्या. हो, एक बाई लांबून आली होती, शेजारची फळी घेऊन गेली. तीही तुमच्यासारखीच, फळीवरून हात फिरवत बसली होती.

खारूने त्या बाईला स्वतः फोन केला. पहिली दोन वाक्यं दोन्हीकडून तिखट झाली. मग खारूने तिला मधली वलयं मोजायला सांगितली, आपल्या डोहात त्यांतलं एक कमी असल्याचं सांगितलं, आणि ती बाई म्हणाली, उद्या फळी घेऊन येते.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उंच, दमलेली, काखेत गोधडीत गुंडाळलेली फळी. दारात तिने आधी खारूकडे नाही, भिंतीशी टेकलेल्या फळीकडे पाहिलं आणि चप्पल काढायचंही विसरून आत आली.

दोन फळ्या समोरासमोर धरल्या. टोकांचे लाल पट्टे शेजारी आले आणि एका गोलाचा तुकडा दिसायला लागला, पण कमान जुळेना, मध्ये खोट राहिली. काडी खारूच्या फळीतून सरकली, नि पलीकडच्या भोकाच्या काठाला अडली. मावशीनेही भुवया वर केल्या.

“करवतीने खाल्लेली जागा सोडलीच नाही आपण,” वहिनी मागून म्हणाली. बोलावल्याशिवाय ती पुढे येत नव्हती, खारूने एकदा तिच्याकडे पाहून मान खाली घातली होती. आता वहिनीच गेली, खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन आली, त्याच्या पट्ट्या कापून तिने दोन फळ्यांच्या मध्ये चारी कोपऱ्यांवर ठेवल्या. माल आत हलू नये म्हणून ती ठेवायची तशाच. “आता बघा.”

लाल कमान अखंड झाली. खारूने काडी सरकवली. ती एका फळीतून तिरकी निघाली, मधली रिकामी जागा ओलांडून गेली आणि दुसरीत शिरली, अलगद, कुठेही न अडता. कधी काळी एक किडा याच वाटेने गेला होता. मग करवत आली, फळ्या दोन गावांना गेल्या, दोन बायकांनी एकमेकींना चोर म्हटलं, आणि वाट तशीच होती. चौघी जणी वाकून त्या काडीकडे बघत राहिल्या. पाहुण्या बाईने डोळे पुसले आणि हसून म्हणाली, काय बाई तरी.

दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी मांडायच्या, दोन्ही अंगांचा मिळून एक मोठा कागद काढायचा, हे कुणी सुचवलं ते नंतर कुणाला आठवेना. पाहुण्या बाईने बाह्या वर केल्या. मावशी खुर्चीत बसून घरून आणलेला पाव खायला लागली, तिचं काम झालं होतं.

खारूने संगणकावरचा तो मजकूर उघडला, वहिनीच्या देखत पुसला आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पाठ केलेलं सगळं विसरली.

“चुकले मी, वहिनी. तुला चोर म्हणाले. आणि त्याच्या आधीही चुकत होते, किती तरी दिवस. तुझ्या हातात खोकी दिली नि तुझा हात कधी बघितलाच नाही.” तिने किल्ली पुढे केली.

वहिनीने किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही. तिने शाईचा रोलर उचलला, हातात तोलून पाहिला आणि दोन फळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

“किल्लीचं मागून बघू,” ती म्हणाली. “आज खोकी तू बांध.”

खारू मुकाट्याने टेबलाशी गेली. खोकं ओढलं, चिकटपट्टीचं रीळ हातात घेतलं आणि नखाने टोक शोधायला लागली. रीळ फिरवलं, उलटं केलं, पुन्हा फिरवलं. टोक काही सापडेना. मागे रोलर फळीवरून सावकाश फिरत होता, गाठीपाशी येण्याआधीच वळत होता.

“काठाशी दुमडून ठेवलंय,” वहिनी फळीवरची नजर न काढता म्हणाली. “रोज ठेवते मी.”